वाळूला हळूच विचारावे लागते

काचेच्या एका नळकांड्यात एक मिलिमीटर व्यासाचे काचेचे मणी काठोकाठ ओतायचे, वरचा थर सपाट करायचा आणि त्यात बोट रोवायचे. बोट आत जाते, मणी बाजूला सरतात, बोट काढले की खळगा उरतो आणि तो आपण होऊन कधीही भरून येत नाही. रबराचा तुकडा दाबून सोडला तर मूळ आकाराला येतो; मण्यांच्या राशीला मात्र परत यायला मूळ आकारच नसतो. वाळू, मुरूम, खडी, भुकटी अशा सुट्या कणांच्या कोणत्याही राशीबद्दलची आपली समजूत याच अनुभवावर उभी असते. रास ओतता येते, तिचा ढीग करता येतो, तिच्यावर उभेही राहता येते, पण ती स्थितिस्थापक नाही, असे आपण धरून चालतो. मीही बरीच वर्षे असेच धरून चालले होते. ढोबळ दाबासाठी ते खरेच आहे. पण दाब लहान केला, अगदी डोळ्यांना काहीच हललेले दिसणार नाही इतका लहान केला, की हीच रास दाबल्यावर दबते, सोडल्यावर पूर्ववत होते आणि जाताना जी वाट धरते तिनेच परत येते. सुट्या कणांच्या वागण्यातला हा टापू अतिशय अरुंद आहे, आणि माझ्या अभ्यासाची सगळ्यात आनंदाची वर्षे मी त्याच टापूत घालवली आहेत.

लहान म्हणजे किती, हे आधी सांगायला हवे. मूळ लांबीच्या तुलनेत झालेल्या बदलाला विकृती म्हणतात. वाळूची विकृती साधारण एक लाखांशाच्या आत असते तोवर तिला बऱ्याच अंशी स्थितिस्थापक म्हणता येते. एक मीटर उंचीचा वाळूचा स्तंभ घेतला तर एक लाखांश म्हणजे दहा मायक्रोमीटर, माणसाच्या केसाच्या जाडीचा सातवा-आठवा हिस्सा. त्याच्या दहापट पुढे गेले की कण एकमेकांवरून कायमचे सरकू लागतात, आणि विकृती एक टक्क्यापर्यंत पोहोचते तेव्हा राशीचा सुरुवातीचा ताठरपणा बहुतेक सगळा ओसरलेला असतो. पोलाद एक हजारांशापर्यंत सहज साथ देते आणि रबर मूळ लांबीच्या कित्येक पटींपर्यंत ताणून परत येते. त्यांच्या शेजारी वाळूची ही एक लाखांशाची मर्यादा इतकी तोकडी दिसते की ती दुर्लक्षिण्याजोगी वाटावी. पण रास कशाने उभी आहे हे कळते ते याच मर्यादेच्या आत, कारण तिच्या बाहेर आपण पाऊल टाकले की राशीची रचनाच बदललेली असते आणि आपण ज्या राशीला प्रश्न विचारला ती उत्तर द्यायला शिल्लक उरलेली नसते.

हा टापू समजून घ्यायचा तर आधी दोनच मणी पाहावे लागतात. भूमितीच्या हिशोबाने दोन गोल एकमेकांना एकाच बिंदूत स्पर्श करतात, आणि बिंदूला क्षेत्रफळ नसल्यामुळे त्यावर कितीही हलके बल आले तरी दाब अनंत व्हायला हवा. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण स्पर्शाच्या जागी दोन्ही गोल किंचित चपटे होतात आणि बिंदूची लहानशी गोल चकती बनते. या चकतीचा हिशोब १८८१ साली हाइनरिश हर्ट्झ यांनी मांडला. विद्युतचुंबकीय तरंगांच्या प्रयोगांमुळे पुढे त्यांचे नाव जगभर झाले. पण हा हिशोब त्याआधीचा, त्यांच्या वयाच्या तेविसाव्या वर्षीचा. एकावर एक ठेवलेल्या काचेच्या भिंगांमध्ये प्रकाशाची रंगीत कडी दिसतात, आणि भिंगे एकमेकांवर दाबल्याने त्यांचा आकार बदलून त्या कड्यांवर काय परिणाम होईल, या प्रश्नातून तो निघाला. त्याचे उत्तर असे की दोन गोलांमधले बल त्यांच्या दबण्याच्या दीड घाताप्रमाणे वाढते. साधी स्प्रिंग चौपट दाबायला चौपट बल लागते. दोन गोल चौपट दाबायला आठपट लागते. काच बदललेली नसते, काचेचा गुणधर्मही बदललेला नसतो. जसजसे दाबावे तसतशी स्पर्शाची चकती रुंदावते आणि विरोध करायला अधिक काच कामाला लागते, एवढेच. याचीच उलट बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. बल शून्याकडे नेले की स्पर्शाचा ताठरपणाही शून्याकडे जातो. नुसते टेकलेले, एकमेकांवर कसलाही भार नसलेले दोन कठीण गोल पहिल्या क्षणी एकमेकांना जवळजवळ काहीच विरोध करत नाहीत.

हे आकड्यांत पाहिल्याशिवाय मनात ठसत नाही, म्हणून एकदा मी कागदावर हिशोब केला. एक मिलिमीटरचा काचेचा मणी तशाच दुसऱ्या मण्यावर फक्त स्वतःच्या वजनाने बसला असेल, तर दोघे मिळून सुमारे ०.६५ नॅनोमीटर दबतात. ही जाडी मोजक्या अणूंच्या थराएवढी आहे. त्यांच्यातल्या चकतीचा व्यास एक मायक्रोमीटरहूनही कमी भरतो, म्हणजे मण्याच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाहून लहान. मण्यांवर मणी रचून एक मीटर उंचीची उभी रांग केली, तर तळाच्या मण्यावर हजार मण्यांचे वजन येते. तिथले दबणे शंभरपट होते, तरी ते ६५ नॅनोमीटरच भरते. चकती दहापट रुंदावते आणि त्या स्पर्शाचा ताठरपणा वरच्या स्पर्शाच्या दहापट असतो. मणी तेच, काच तीच, रांगही एकच. पण वरचे टोक आणि खालचे टोक यांच्या ताठरपणात दहापटीचा फरक. पोलादाच्या सळईत असे कधी घडत नाही.

म्हणून राशीच्या ताठरपणाला मी उसना ताठरपणा म्हणते. तो कणांच्या द्रव्यातून सगळा येत नाही. राशीवर जो भार आहे त्याच्याकडून तो बराचसा घेतलेला असतो. हे हाताने अनुभवायचे असेल तर रबरी फुग्यात कोरडी वाळू भरावी, तोंडाशी बारीक जाळी लावलेली नळी बसवावी आणि आतली हवा ओढून घ्यावी. क्षणापूर्वी हातात कसाही लोंबणारा फुगा लाकडाच्या ठोकळ्यासारखा कडक होतो, आणि हवा आत सोडली की पुन्हा लोंबतो. आत नवे काही गेलेले नसते. बाहेरची हवा, जी सगळ्याच वस्तूंवर चौरस मीटरला सुमारे एक लाख न्यूटन एवढ्या बलाने सतत दाबत असते, तिला आता आतून तोल देणारी हवा नसते, आणि तो सगळा दाब वाळूच्या कणाकणांमधल्या चकत्यांवर येतो.

एक लाखांशाच्या आतली विकृती द्यायची कशी आणि मोजायची कशी, हा पुढचा प्रश्न. यावरचे सर्वांत सोपे साधन म्हणजे ध्वनी. राशीच्या एका टोकाला दाबविद्युत स्फटिकाची, म्हणजे वीज दिली की हलणाऱ्या आणि हलवले की वीज देणाऱ्या स्फटिकाची, पातळ चकती बसवायची, तिला विजेचा सूक्ष्म झटका द्यायचा आणि दुसऱ्या टोकाच्या तशाच चकतीवर लहर कधी पोहोचते ते पाहायचे. अशी लहर कणांना इतके कमी हलवते की रचना जशीच्या तशी राहते, आणि लहरीच्या वेगावरून ताठरपणा थेट काढता येतो, कारण वेग हा ताठरपणा आणि घनता यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाप्रमाणे ठरतो. अखंड काचेत ध्वनी सेकंदाला साडेपाच किलोमीटरच्या आसपास धावतो. त्याच काचेचे मणी करून हलक्या भाराखाली भरले की तो सेकंदाला काही शे मीटरवर येतो, म्हणजे हवेतल्या वेगाच्या जवळपास किंवा त्याहूनही खाली. काचेच्या आत तो आजही तितकाच वेगवान असतो. त्याचा सगळा वेळ त्या मायक्रोमीटरभर चकत्या ओलांडण्यात जातो.

हर्ट्झच्या हिशोबावरून असे निघते की लहरीचा वेग राशीवरच्या दाबाच्या एकषष्ठांश घाताप्रमाणे वाढावा, म्हणजे वेग दुप्पट करायचा तर दाब ६४ पट करावा लागेल. दाब भरपूर असतो तेव्हा मोजमापे या आकड्याच्या जवळ येतात. पण कमी दाबाला वेग त्याहून भरभर वाढतो. एकचतुर्थांश घाताप्रमाणे, म्हणजे दाब १६ पट केला तरी तो दुप्पट होतो. या फरकाने अनेकांना दीर्घकाळ विचारात पाडले, आणि त्याची दोन कारणे सांगितली जातात. पहिले कारण असे की खरे कण गुळगुळीत गोल नसतात. स्पर्शाच्या जागी टोके आणि खडबडीतपणा असतो, आणि टोकदार स्पर्शाचा हिशोब केला तर बरोबर एकचतुर्थांशच येतो. दुसरे असे की दाब वाढला की जुने स्पर्श घट्ट होतातच, शिवाय जे कण एकमेकांच्या अगदी जवळ असून टेकलेले नव्हते ते टेकतात आणि भार वाहणाऱ्यांची संख्याच वाढते. मला स्वतःला दुसरे कारण अधिक पटते, निदान गुळगुळीत मण्यांच्या बाबतीत तरी, कारण भार चढवताना आणि उतरवताना घेतलेली मोजमापे एकमेकांवर बसत नाहीत हे मी स्वतः पाहिले आहे. कणांच्या पृष्ठभागाचा आकार भार उतरवताना बदलत नाही. कोण कोणाला टेकले आहे ते बदलते.

ते मी पाहिले त्या काळात माझ्यापुढे दहा सेंटिमीटर उंचीचा मण्यांचा एक स्तंभ होता, खाली एक स्फटिक, वर एक स्फटिक आणि त्यावर वजने. काचेची दहा सेंटिमीटरची कांडी ओलांडायला लहरीला सेकंदाचे १८ दशलक्षांश पुरले असते. मण्यांच्या स्तंभातून ती तीनशेहून अधिक दशलक्षांशांनी बाहेर पडायची. पडद्यावर आधी एक स्वच्छ उंचवटा दिसायचा, आणि त्याच्यामागे लांबलचक, वेडीवाकडी, केसांच्या गुंत्यासारखी शेपटी. सुरुवातीला मी ती शेपटी गोंगाट समजून बाजूला सारत होते. मग एकदा तेच मोजमाप हात न लावता पुन्हा घेतले, तर शेपटी वळणावळणाने तंतोतंत तशीच आली. गोंगाट असा पुन्हा येत नाही. नंतर मणी ओतून काढले, तेच मणी तेवढ्याच उंचीपर्यंत पुन्हा भरले, तीच वजने ठेवली, तेव्हा पुढचा उंचवटा जवळपास त्याच जागी आला आणि शेपटी मात्र पूर्णपणे निराळी. उंचवटा म्हणजे सगळ्या राशीने मिळून वाहिलेली लहर. तिची लांबी कणांच्या मानाने मोठी असल्यामुळे तिला राशीची सरासरीच दिसते. शेपटी म्हणजे कणाकणांवर आपटत, वळसे घेत, उशिरा पोहोचलेली लहर, आणि तिच्यात त्या एका रचनेचा ठसा असतो. एका दुपारी शेजारच्या खोलीचे दार जोरात आपटले. त्यानंतर घेतलेल्या नोंदीत उंचवटा जागेवर होता, पण शेपटीचा मागचा अर्धा भाग बदलला होता. स्तंभात कुठेतरी एखाद-दोन स्पर्श सुटले किंवा जुळले होते. ती नोंद मी फेकून दिली नाही. अजूनही ती माझ्याकडे आहे.

आता घर्षणाकडे यायला हवे, कारण सगळी अडचण तिथेच आहे. मणी एकमेकांवर सरळ दाबले जातात तोवर हर्ट्झचा हिशोब पुरतो, आणि दाबलेले बल सोडले की सगळे परत येते. पण राशीला जरा आडवे ढकलले, पत्त्यांचा गठ्ठा तिरका सरकवावा तसे, की स्पर्शाच्या चकतीवर आडवे बल येते आणि घर्षण कामाला लागते. आणि घर्षणात खर्ची पडलेली ऊर्जा परत मिळत नाही. असे असेल तर आडव्या ढकलण्याला स्थितिस्थापक प्रतिसाद मुळात मिळावाच कसा? याचे उत्तर १९४९ साली रेमंड मिंडलिन यांनी दिले आणि ते मला आजही अतिशय देखणे वाटते. चकतीच्या मध्यभागी दाब जास्त असतो, कडेला तो शून्यापर्यंत उतरलेला असतो. त्यामुळे आडवे बल कितीही लहान असले तरी कडेचा एक बारीक पट्टा सरकतोच, आणि मधला भाग घट्ट चिकटून राहतो. बल वाढवावे तसा सरकणारा पट्टा आत आत येतो, आणि तो मध्यापर्यंत पोहोचला की सगळा स्पर्श घसरतो. म्हणजे काटेकोरपणे पाहिले तर पूर्ण स्थितिस्थापक असा टापूच नाही. अगदी हलक्या स्पर्शातही कुठेतरी कडेला थोडे घसरणे आहेच. पण पुढे-मागे ढकलण्याच्या एका फेरीत वाया जाणारी ऊर्जा त्या बलाच्या घनाप्रमाणे बदलते, तर साठवली जाणारी ऊर्जा वर्गाप्रमाणे. बल दहापट कमी केले की साठवण शंभरपट कमी होते आणि नासाडी हजारपट. जितके हळू विचारावे तितका घर्षणाचा वाटा उत्तरातून गळत जातो. एक लाखांशाची ती मर्यादा कुठे काटकोनात आखलेली रेघ नाही. त्या जागेपर्यंत नासाडी इतकी किरकोळ होते की आपण तिला शून्य म्हणू शकतो.

दोन मण्यांवरून लाखो मण्यांवर जाताना आणखी एक गोष्ट बदलते. राशीवर टाकलेला भार सगळ्या कणांत सारखा वाटला जात नाही. ताण आला की ज्यातून जाणाऱ्या प्रकाशाचे गुणधर्म बदलतात अशा पारदर्शक द्रव्याच्या चकत्या ध्रुवकांच्या, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे जाऊ देणाऱ्या पट्ट्यांच्या, मध्ये ठेवून दाबल्या, की काही चकत्या लखलखतात आणि काही काळ्याच राहतात. उजळलेल्या चकत्या एकमेकांना जोडून वेड्यावाकड्या साखळ्या होतात. हे चित्र १९५७ साली पी. दांतू यांच्या प्रयोगांत दिसले आणि तेव्हापासून ते अनेकांनी पुन्हा पुन्हा काढले आहे. मोठा भार थोडे कण वाहतात. बाकीचे त्या साखळ्यांना कडेने आधार देत जवळजवळ मोकळे बसलेले असतात.

या साखळ्या पाहून एक गंभीर शंका उभी राहिली होती, आणि गेल्या शतकाच्या अखेरीस तिच्यावर बरीच चर्चा झाली. नरसाळ्यातून एकाच जागी ओतून केलेल्या वाळूच्या ढिगाखालचा दाब मोजला, तर ढीग जिथे सर्वांत उंच तिथे तो सर्वांत जास्त असावा असे वाटते. प्रत्यक्षात तिथे दाबाला खळगा पडतो आणि सर्वांत जास्त दाब शिखराच्या बाजूला भरतो. मग बल राशीतून ठरावीक दिशांच्या वाटांनी खाली उतरते आणि साध्या स्थितिस्थापक पदार्थात ते जसे सर्वत्र पसरते तसे इथे पसरतच नाही, असा विचार काही भौतिकशास्त्रज्ञांनी मांडला. तसे असेल तर वाळूच्या बाबतीत स्थितिस्थापकता ही चौकटच चुकीची ठरली असती. निवाडा करायचा मार्ग साधा होता: सपाट राशीच्या पृष्ठभागावर एका बिंदूत अगदी हलके बल द्यायचे, कण हलणार नाहीत इतके, आणि तळाशी दाब कसा वाढतो ते मोजायचे. बल वाटांनी उतरत असेल तर तळाशी मधला भाग रिकामा राहून दोन बाजूंना दोन शिखरे दिसतील. स्थितिस्थापकतेने पसरत असेल तर बरोबर खाली एकच रुंद शिखर दिसेल, आणि खोलीच्या प्रमाणात ते रुंदावत जाईल. २००१ च्या सुमारास असे प्रयोग झाले. अस्ताव्यस्त ओतलेल्या राशीत एकच शिखर आले आणि ते खोलीच्या प्रमाणात रुंदावत गेले. शिस्तीत, जाळीसारख्या रचलेल्या सारख्या कणांत मात्र बल जाळीच्या दिशांनी फुटून वेगळे झाले. मला या निकालातले जे आवडते ते असे की स्थितिस्थापकतेची साधी वागणूक इथे अव्यवस्थेमुळेच आली. साखळ्या खोट्या नाहीत, त्या डोळ्यांना दिसतात. पण त्या इतक्या वेळा फाटे फोडतात आणि इतक्या दिशांना वळतात की हलक्या बलाला सरासरी रास पुन्हा साधी होऊन भेटते. आणि ढिगाखालचा तो खळगा ढीग कसा ओतला त्यावर ठरतो; तोच ढीग रुंद चाळणीतून पावसासारखा पाडला तर खळगा दिसत नाही.

एक बाब थोडक्यात. रास दाबली की प्रत्येक कण सर्वांबरोबर प्रमाणात सरकेल असे धरून केलेला हिशोब सगळ्या बाजूंनी दाबण्याच्या बाबतीत ठीक उत्तर देतो. तिरके सरकवण्याच्या बाबतीत तो ताठरपणा फार फुगवून सांगतो. प्रत्यक्षात कण आपापल्या शेजाऱ्यांमध्ये तोल साधत वाकडेतिकडे सरकतात आणि त्यामुळे रास हिशोबापेक्षा पुष्कळ मऊ निघते. घर्षण नसलेल्या गोलांची रास जेमतेम उभी राहते तेव्हा प्रत्येक गोलाला सरासरी सहा शेजारी टेकलेले असतात, त्याहून एक स्पर्श कमी झाला तरी ती कोसळेल. आणि अशा राशीला दाबणे कठीण पण सरकवणे अत्यंत सोपे असते.

हा सगळा विषय प्रयोगशाळेतल्या नळकांड्यापुरता आहे असे वाटू नये. मोहावे वाळवंटातला एक विंचू रात्री वाळूवर निश्चल उभा राहतो आणि अर्ध्या मीटरच्या आत हललेल्या किड्याची दिशा अचूक ओळखतो. त्या वाळूत पृष्ठभागावरून जाणारी लहर सेकंदाला फक्त ५० मीटरच्या आसपास धावते. आठ पाय गोलात टेकलेले असतात, आणि लहर एका पायाला आधी व समोरच्या पायाला हजारांश सेकंदाने नंतर लागते. या फरकावर तो वळतो. खडकावर उभा असता तर लहर इतकी झपाट्याने निघून गेली असती की हा फरक त्याला कळणे अवघड होते. वरच्या थरातल्या कणांवर भार नाही म्हणून त्यांचे स्पर्श मऊ, ते मऊ म्हणून लहर मंद, आणि ती मंद म्हणून विंचवाला तिची वेळ मोजता येते. १९७१ मध्ये अपोलो १४ च्या अंतराळवीरांनी चंद्राच्या जमिनीवर लहान स्फोटकांचे ठोके देऊन लहरी मोजल्या, तेव्हा वरच्या थरात त्यांचा वेग सेकंदाला सुमारे १०० मीटरच भरला. तिथे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाएवढे आहे, हवेचा दाब नाही, आणि कणांवर भार फार थोडा आहे.

बांधकामात तर या टापूला पर्यायच नाही. एखाद्या इमारतीच्या पायाखालची किंवा बोगद्याभोवतीची जमीन नेहमीच्या कामकाजात बहुतेक ठिकाणी एक हजारांशाहूनही कमी विकृत होते. पूर्वी प्रयोगशाळेत जमिनीचा नमुना दाबून ताठरपणा काढत, तेव्हा हालचाल नमुन्याच्या बाहेर, यंत्राच्या टोकांवर मोजली जाई; टोकांशी राहिलेल्या फटी मिटण्यात झालेली हालचालही त्यात धरली जाई, आणि जमीन प्रत्यक्षाहून कितीतरी मऊ दिसे. बांधकामे मात्र अंदाजापेक्षा कमी खचत. नमुन्याच्या अंगावरच सूक्ष्म मापक बसवून मोजायला लागल्यावर हे कोडे सुटले. भूकंपाच्या वेळी एखादी जागा किती हादरेल याचा अंदाजही वरच्या ३० मीटरांतल्या कर्तन लहरींच्या, म्हणजे जमीन आडवी सरकवत जाणाऱ्या लहरींच्या, वेगावरून बांधतात, आणि तो वेग म्हणजे याच अगदी लहान विकृतीतल्या ताठरपणाचे माप.

राशीचा भूतकाळ तिच्या उत्तरात मिसळलेला असतो, हे मला सर्वांत शेवटी कळले. स्तंभातून एकदा मुद्दाम जोरकस लहर सोडली, विकृती एक लाखांशाच्या वर नेणारी, आणि लगेच पुन्हा हलक्या लहरीने मोजले. उंचवटा उशिरा आला. रास मऊ झाली होती, जरी उंचीत मोजण्याजोगा फरक नव्हता आणि वजनही तेच होते. काही दुर्बळ स्पर्श हादऱ्याने सैल झाले असणार. मी मोजमाप चालूच ठेवले, तेव्हा उंचवटा हळूहळू जुन्या जागेकडे सरकू लागला. पहिल्या मिनिटापासून दहाव्या मिनिटापर्यंत तो जेवढा सरकला, जवळपास तेवढेच सरकायला त्याला पुढे शंभराव्या मिनिटापर्यंत वेळ लागला. काळ दहापट झाला की एक पाऊल, पुन्हा दहापट झाला की आणखी एक. त्या संध्याकाळी मी खोलीतली सगळी यंत्रे तशीच चालू ठेवली, दारावर आत न येण्याची चिठ्ठी लावली आणि गेले. सकाळी नोंदी पाहिल्या. रात्रभर कोणी हात न लावलेला तो मण्यांचा स्तंभ अजूनही कडक होत होता, आणि उंचवटा जुन्या जागेपासून सेकंदाच्या दोन दशलक्षांशांवर येऊन पोहोचला होता.